मदत हवी आहे – नारळी पौर्णिमेला आईला मालवणला न्यायचंय

नमस्कार मंडळी, आम्ही ठाण्यात कळव्याला राहतो, आईचं माहेर मालवण पण तिकडे आता कोणी राहिलं नाही आणि तिला किती वर्षांत नारळी पौर्णिमा बघायला मिळाली नाही, यावेळी काहीही करून न्यायचंच ठरवलंय. सिंधुदुर्ग किल्ल्यावरून येणारा मानाचा नारळ बंदरावर समुद्राला अर्पण करतात आणि बायकांची नारळ लढवायची स्पर्धा असते, ते तिला जवळून बघायचंय. तिचे गुडघे दुखतात, तर जेटीजवळ बसायला जागा मिळते का, किती वाजता पोचावं? ठाण्याहून कोकणकन्याने कुडाळला उतरून पुढे एसटी की रिक्षा, तिला काय सोपं पडेल?

दुसरं म्हणजे श्रावण असल्याने ती मासे खात नाही. काळ्या वाटाण्याची आमटी, वडे आणि मुख्य म्हणजे नारळाच्या गोड रसातली खापरोळी (जाडसर, जाळीदार आंबोळीसारखी असते ती) घरगुती चवीची कुठे मिळेल? ठाण्यात मालवणी हॉटेलं ढीगभर, पण खापरोळी मला एकातही मिळाली नाही, आणि आई तिच्या आईच्या हातच्या खापरोळीबद्दल बोलायला लागली की थांबतच नाही. आमटीत घालायची हिरवी तिरफळंही आणायचीत, बाजारात तेव्हा असतात ना? तिकडचं कोणी असेल तर प्लीज सांगा, तिकीट लवकर काढायचंय.