मदत हवी आहे: गुरुत्वाकर्षण खरं ठेवूनही पात्र हवेत तरंगतंय

दगडी_पायरी
मंडळी, अर्जंट आहे. नाशिकच्या गोदाघाटावरचा गेम करतोय. पूर चढतोय आणि पोरगा एका देवळाच्या ओट्यावरून दुसऱ्या ओट्यावर उड्या मारत होळकर पुलाकडे निघालाय. घाट हुबेहूब केलाय, दगडाचे सांधेसुद्धा. पण उडी मारली की पोरगा चंद्रावर गेल्यासारखा तरंगतो. गुरुत्वाकर्षण ९.८ च आहे, तीनदा बघितलं. वजन ४० चं ८० केलं, ढिम्म फरक नाही. रविवारी दाखवायचंय. काय चुकतंय?

सिडकोवासी
एडिटमध्ये प्रोजेक्ट सेटिंग्ज, तिथे फिजिक्स, तिथे ग्रॅव्हिटीचा वाय उणे ९.८१ दिसेल. तो उणे २५ करा. विषय संपला.

दगडी_पायरी
असं काही दिसत नाही. माझं गेम इंजिन गोडो आहे.

सिडकोवासी
युनिटी इंजिन घ्या मग.

नानाची_टांग
अहो, इंजिन (गेम ज्यात बनवतो ते सॉफ्टवेअर) कुठलं हे पहिल्या ओळीत लिहायचं असतं. गोडो ३ की ४? टूडी की थ्रीडी? आणि वजनानं फरक पडणारच नाही. जड काय, हलकं काय, सारख्याच वेगानं पडतं. त्यातून कॅरेक्टरबॉडीला, म्हणजे स्क्रिप्टनं हलवायच्या पात्राला, वस्तुमानाची सेटिंगच नसते. मग ४० चं ८० नेमकं कुठे केलंत?

दगडी_पायरी
४, थ्रीडी. वजनाचं व्हेरिएबल मीच स्क्रिप्टमध्ये टाकलं होतं. पुढे कुठे वापरलेलं नाही, आत्ता बघितलं. उडीचा वेग १४.

एमएच१५
आधी एक दुरुस्ती. चंद्रावर गुरुत्वाकर्षण १.६२ असतं. जमिनीवर अर्धा मीटर उडणारा माणूस त्याच जोरात तिथे तीन मीटर उडेल आणि खाली यायला पावणेचार सेकंदांहून जास्त घेईल. तुमचं तेवढं होतंय का?

दगडी_पायरी
तीनेक सेकंद. पण उंची फार नाही, पोराच्या छातीएवढी जेमतेम.

नानाची_टांग
१४ च्या वेगानं ९.८ खाली १० मीटर उंची येते, आणि ती छातीएवढी?? पोराची उंची किती युनिट आहे?

दगडी_पायरी
१७. सगळाच सीन दहापट मोठा केलाय. कॅमेरा ओवरीच्या भिंतीत घुसत होता म्हणून. त्याचा काय संबंध? सगळंच एका मापात वाढवलंय ना.

नानाची_टांग
सगळं वाढवलंत, ९.८ तेवढं तसंच ठेवलंत! गोडोत एक युनिट म्हणजे एक मीटर. म्हणजे तुमचा पोरगा सहा मजली इमारतीएवढा आहे. १.७ मीटरवरून वस्तू पडायला ०.५९ सेकंद लागतात, १७ मीटरवरून १.८६. माप दहापट झालं की वेळ दहाच्या वर्गमुळाइतका, म्हणजे ३.१६ पट वाढतो. तुम्हाला दिसतंय ते हेच.

असं करा. ब्लेंडरमध्ये (थ्रीडी मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर) घाट ०.१ ला आणा, कंट्रोल-ए दाबून स्केल अप्लाय करा, मग पुन्हा एक्स्पोर्ट. गोडोत कॅरेक्टरबॉडीला किंवा कोलिजन शेपला (टक्कर ओळखणारा अदृश्य आकार) स्केल लावू नका, टक्कर भलतीकडेच लागते. पोराच्या कोलिजन कॅप्सूलचीच रेडियस ०.३ आणि हाइट १.७ करा. कॅमेरा भिंतीत घुसतो त्यावर स्प्रिंगआर्म आहे. पात्राला स्प्रिंगआर्म, त्याच्या टोकाला कॅमेरा, लांबी ३. भिंत आडवी आली की तो आपोआप जवळ सरकतो. उडीचा वेग ४.५.

तिळगूळ
चांगला धागा. असं काम करायला १६ जीबी रॅम पुरते की ३२ घ्यावी?

दगडी_पायरी
केलं. तरंगणं गेलं! पण आता उडी मीटरभरच जाते. ओटे दोन मीटर उंच आहेत, पोरगा चढतच नाही. परत वेग वाढवला तर परत तरंगतो.

एमएच१५
चढणार कसा? उंच उडीचा विश्वविक्रम २.४५ मीटरचा आहे, १९९३ पासून, आणि तोही पाठीवर आडवं होऊन. घाट हुबेहूब करायचा आणि पोराला दोन मीटर उभ्या उभ्या उडवायचं, हे जमत नाही. चढणं बनवा. छातीच्या उंचीवरून एक रेकास्ट (आड काही येतंय का ते तपासणारी अदृश्य रेषा) पुढे सोडा. तो भिंतीला लागला की भिंतीच्या जरा आत, २.६ मीटरवरून दुसरा रेकास्ट खाली. तिथे सपाट जागा मिळाली तर पोरगा हातानं कड धरेल आणि ०.६ सेकंदात वर येईल. १.७ उंचीच्या माणसाचे हात वर करून २.१ पर्यंत पोचतात, त्यात अर्धा मीटर उडी. म्हणजे दोन मीटरचा ओटा खऱ्या माणसालाही जमतो.

नानाची_टांग
चढण्याचं ॲनिमेशन रविवारपर्यंत कोण करणार? आणि दर ओट्याला ०.६ सेकंद लोंबकळत राहिलं तर उड्यांचा खेळ उरतो कुठे? १९८५ च्या मारिओत हवेत असताना दिशा बदलता येते. कुठल्या भौतिकशास्त्रात बसतं ते? चाळीस वर्षं कुणी तक्रार केली नाही.

एमएच१५
मारिओ रामकुंडावर नसतो. जागा ओळखीची असली की माणूस लगेच मापं काढतो. नाशिककराला तो ओटा आपल्या खांद्याच्याही वर येतो हे पाठ आहे.

कथ्थक_आणि_कोड
पुण्यात बनलेल्या 'राजी' या गेममध्ये (२०२०) नायिका भिंतींवरून धावते. आजूबाजूची वास्तू खऱ्यासारखी आहे म्हणून ते खटकत नाही, उलट शोभतं.

एमएच१५
तिथे देव मदतीला आहेत. इथे कोण आहे?

सिडकोवासी
दुतोंड्या मारुती!

नानाची_टांग
हसण्यावारी नेऊ नका. खरंच धरायचं तर वाहतं पाणी १५ सेंटीमीटर असलं तरी मोठा माणूस तोल जाऊन पडू शकतो. तो नियम लावला तर गेम पहिल्या पायरीवर संपेल. कुठेतरी सूट द्यावीच लागते, ती उडीत द्या.

हिशोब सोपा आहे. उंची आणि वर जायचा वेळ आपण ठरवायचा, गुरुत्वाकर्षण त्यातून काढायचं. उंची २.३ धरा (ओटा २, वर थोडी मोकळीक) आणि वेळ ०.४ सेकंद. गुरुत्वाकर्षण म्हणजे उंचीची दुप्पट भागिले वेळेचा वर्ग: ४.६ भागिले ०.१६, आलं २८.७५. उडीचा वेग म्हणजे उंचीची दुप्पट भागिले वेळ: ११.५. खाली येताना गुरुत्वाकर्षण दीडपट करा, ४३. उडी पाऊण सेकंदाच्या आत संपेल. ९.८ ठेवून हीच उंची गाठली तर १.३७ सेकंद लागतात, तेच तुमचं 'परत तरंगतो'.

कथ्थक_आणि_कोड
यात भर. ओट्यांमधली अंतरंही तपासा. धावायचा वेग ५ असेल तर या उडीत सपाटीवर ३.६ मीटर जाता येतं, पण दोन मीटर वरच्या ओट्यावर उतरायचं असेल तर २.६ च. खेळणारा अगदी कडेवरून उडत नाही, म्हणून अनुक्रमे ३.२ आणि २.२ च्या पुढे जाऊ नका. कड सुटल्यावरही ०.१ सेकंद उडी चालू द्या, म्हणजे इंजिन सेकंदाला ६० टिक मोजत असेल तर ६ टिक. नाहीतर 'मी बटण दाबलं होतं' हे भांडण होतंच. उडीचं ॲनिमेशन १.२ सेकंदांचं असेल तर तेही कापा. हात हळू हलले तर आकडे बरोबर असूनही तरंगल्यासारखंच वाटतं.

सिडकोवासी
मी पहिल्याच प्रतिसादात २५ म्हटलं होतं. लिहून ठेवा.

नानाची_टांग
तुम्ही प्रोजेक्ट सेटिंगमध्ये म्हटलं होतं, तीच गोम आहे. तिथलं ९.८ हलवायचं नाही, २८.७५ फक्त पोराच्या स्क्रिप्टमध्ये. घाटावरच्या नारोशंकराच्या देवळाची मोठी घंटा ठेवली असेल ना? एक मीटर लांबीचा लंबक ९.८ ला दोन सेकंदांत एक हेलकावा घेतो, २८.७५ ला १.१७ सेकंदांत. एवढी मोठी घंटा खुळखुळ्यासारखी वाजेल. पाण्यावरच्या टोपल्या आणि होड्याही फरशीवर आपटल्यासारख्या आपटतील.

एमएच१५
एका गावात दोन गुरुत्वाकर्षणं. छान.

नानाची_टांग
घंटा खरी, पाणी खरं, दगड खरा, म्हणून पोराचं खोटं खपतं. सगळंच खोटं केलं की काहीच खपत नाही. चढण्याचं तुमचं म्हणणं चूक नाही, रविवारनंतर करा म्हणावं त्यांना.

पंचवटीकर
मला कोडिंगमधलं कळत नाही. पण पाणी किती चढलं हे दाखवायला कोपऱ्यात पट्टी लावू नका. घाटावरची दुतोंड्या मारुतीची मूर्ती दिसत राहू द्या. घोट्याला, कमरेला, छातीला पाणी, गाव तसंच मोजतं.

दगडी_पायरी
ही भारी आहे. पट्टी काढतोय. २८.७५ आणि ४३ टाकले, उडी एकदम झकास. आता नवीन भानगड: ओट्यावर चढतो, पण घाटाच्या साध्या पायऱ्यांवर अडकतो. जागच्या जागी पळतो.

कथ्थक_आणि_कोड
कॅरेक्टरबॉडी आपणहून पायरी चढत नाही. पायऱ्यांचं कोलिजन काढून त्यावर अदृश्य उतार टाका. पायरीचं माप काय?

दगडी_पायरी
२० उंच, ३० रुंद. सेंटीमीटर.

कथ्थक_आणि_कोड
मग उतार ३४ अंशांच्या आत येतो, ४५ पर्यंत गोडो त्याला जमीनच धरतो. उतरताना उसळ्या मारायला लागला तर फ्लोर स्नॅप लेंथ (किती अंतरापर्यंत पात्र जमिनीला चिकटून राहतं ते) ०.१ असेल, ती ०.३ करा.

दगडी_पायरी
उसळ्या मारत होता. ०.३ केलं, गेल्या.

तिळगूळ
रॅमचं कुणी सांगितलंच नाही.