तातडीचं: होडीचं इंजिन, जॉन्सन ९.९ की १५? शनिवारच्या आत सांगा

प्रेषक: बंडू, ओशावा
प्रति: मंडळाची ई-मेल यादी (ऑन्टारियो, कॅनडा)
मंगळवार, रात्री ११:४०

मंडळी,

शनिवारी सकाळी लिंडसेच्या अलीकडे एका शेतकऱ्याकडे जातोय. होडीच्या मागे लावायचं टू-स्ट्रोक जॉन्सन इंजिन आहे, दोरी ओढून चालू करायचं. झाकणावर मोठं "१५" चं स्टिकर. पण होडीला अडकवायच्या क्लँपवर जी पत्र्याची पट्टी आहे तिच्यावर जे१०आरसीयू आणि पुढे एक अक्षर रंगाखाली गेलंय. नऊशे डॉलर म्हणतोय. पेट्रोलची लाल टाकी आणि पाइप त्यातच. म्हणतो, वडिलांचं इंजिन, मला काही कळत नाही, पण स्टिकर कशाला खोटं बोलेल.

तर हे ९.९ हॉर्सपॉवरचं की १५ चं? आणि साल कुठलं?

आपलं जुनं इंजिन दुरुस्त करू या असं कोणी सुचवू नका. ते परत पाण्यात घालायचं नाही हे गेल्या ऑगस्टमध्ये, वल्ही मारत असतानाच, ठरलंय. मे महिन्यातल्या व्हिक्टोरिया डेच्या सुट्टीला बारा जणांना शब्द दिलाय.

फोटो जोडलाय. गोठ्यातला आहे, अंधुक आला.

बंडू

---

प्रेषक: नाना, मिसिसागा
बुधवार, सकाळी ६:०५

बंडू,

मी बावीस वर्षं चेतक चालवली आहे, तेव्हा टू-स्ट्रोकचं मला सांगू नकोस. सीयू म्हणजे क्युबिक, सीसीचा काहीतरी आकडा असणार. १० म्हणजे दहा हॉर्सपॉवर. स्टिकर कोणीही चिकटवतं. माझ्या पुतण्याच्या मारुतीवर टर्बो लिहिलं होतं.

प्लग काढून बघ. दुधाच्या चहाचा रंग असेल तर इंजिन उत्तम. काळा आणि ओला असेल तर ऑइल जास्त पडतंय. पांढरा फटक असेल तर घरी ये.

माझ्याकडे पुण्याहून आणलेला स्कूटरच्या टूटी ऑइलचा डबा अजून पडून आहे. तो घेऊन जा.

नाना

---

प्रेषक: तात्या, ब्रॅम्प्टन
बुधवार, सकाळी ८:५०

नाना, तो डबा तुमच्या गवत कापायच्या यंत्राला घाला, होडीच्या मशीनला नको. स्कूटरचं इंजिन हवेवर थंड होतं, तापून चालतं, त्याचं ऑइल त्या हिशोबाचं. होडीचं मशीन तळ्याचं पाणी खेचून थंड होतं. त्याला डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलंच ऑइल लागतं. दुसरं घातलंत तर प्लगवर आणि पिस्टनवर कीट धरतं. हे मी एकदा स्वतःच्या हाताने करून बसलोय, मालवणात, सत्तावीस वर्षांचा असताना, आणि मामाने जे ऐकवलं ते या यादीवर लिहिता येणार नाही.

आमच्याकडे इंजिन कोणी म्हणत नाही, मशीन. १ जूनला मासेमारी बंद झाली की मशीन उतरवून गोड्या पाण्यात चालवून घ्यायचं, पुसायचं, ऑइल मारायचं, घरात पडवीला टांगायचं. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देताना मशीनलाही हळद-कुंकू. इथले लोक ऑक्टोबरमध्ये तसंच गॅरेजात फेकतात आणि मेमध्ये दोरी ओढून खांदा निखळवतात.

बंडू, एक चांगलं आहे. त्या शेतकऱ्याचं मशीन जन्मभर गोड्या पाण्यात राहिलंय. खाऱ्या पाण्यातलं असतं तर मी म्हटलं असतं फुकट दिलं तरी आणू नको. तरी बोल्ट बघ. पांढरी पूड धरलेली दिसली तर कोणीतरी समुद्रावरून आणलेलं आहे.

तात्या

---

प्रेषक: ताई, मार्कम (यादी-व्यवस्थापन)
बुधवार, दुपारी १२:१५

सर्वांना नम्र आठवण: ही यादी मंडळाच्या कामासाठी आहे. खरेदी-विक्रीसाठी वेगळी यादी आहे. दिवाळीतल्या त्या फ्रीझरच्या प्रकरणानंतर हे कार्यकारिणीने एकमताने ठरवलंय. बंडूचं इंजिन मंडळाचं आहे की चार कुटुंबांचं, हे आधी स्पष्ट व्हावं.

ताई

---

प्रेषक: बंडू, ओशावा
बुधवार, दुपारी १२:३१

ताई, चार कुटुंबांचं. पण कोजागिरीला फेऱ्या मारायला मंडळालाच लागतं. आणि फ्रीझर माझा नव्हता.

९.९ की १५ ते कोणीतरी सांगा हो.

---

प्रेषक: अप्पा, पीटरबरो
बुधवार, रात्री ९:२०

बंडू,

उशीर झाला, कॉटेजवर पाइप जोडत होतो.

सीयू म्हणजे क्युबिक नाही. जॉन्सन आणि एव्हिनरूड ही दोन्ही एकाच कंपनीची, आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशनची. १९८० पासून त्यांनी साल अक्षरांत लपवलं. इंग्रजी "इंट्रोड्यूसेस" हा शब्द घे. त्यात दहा अक्षरं, एकही परत येत नाही. आय म्हणजे १, एन २, टी ३, आर ४, ओ ५, डी ६, यू ७, सी ८, ई ९ आणि शेवटचा एस शून्य. मॉडेल नंबरातलं अगदी शेवटचं अक्षर सोडून दे, ते त्या वर्षातल्या फेरबदलाचं. त्याच्या आधीची दोन अक्षरं म्हणजे साल. सी यू, म्हणजे ८७. रंगाखाली गेलेलं अक्षर नाही दिसलं तरी अडत नाही.

जे म्हणजे जॉन्सन, एव्हिनरूड असतं तर ई. आर म्हणजे दोरीचं. आरच्या पुढे एल नाही, म्हणजे शाफ्ट (डोक्यापासून पंख्यापर्यंतचा दांडा) आखूड, पंधरा इंची. होडीची मागची फळी मोजलीस का? आधी मोज. वीस इंची फळीला हे लावलंस तर पंखा अर्धा हवेत फिरेल.

आता १०. कंपनीने त्या काळात ९.९ ला नंबरात १० च लिहिलं. म्हणजे पट्टीप्रमाणे हे १९८७ चं ९.९ आहे, दहाचं नाही.

खरी मेख पुढे आहे. १९७४ पासून १९९२ पर्यंत यांचं ९.९ आणि १५ एकाच ब्लॉकवर बनायचं. दोन सिलिंडर, १३.२ घनइंच, म्हणजे २१६ सीसी. मुख्य फरक कार्ब्युरेटरचा, १५ चं नरडं मोठं. त्यामुळे इथे दोन जाती आढळतात. एक, ९.९ वर १५ चा कार्ब्युरेटर चढवून स्टिकर तसंच ठेवलेलं, कारण ज्या तळ्यांवर ९.९ ची मर्यादा आहे तिथे चोरून जोर हवा असतो. दुसरी, ९.९ वर नुसतं १५ चं झाकण, म्हणजे विकताना चार पैसे जास्त. बाहेरून बघून सांगता येत नाही, आणि तुझ्या फोटोवरून तर गाय आहे की इंजिन हेही सांगता येत नाही.

पट्टीवरही भरवसा ठेवू नकोस. ती क्लँपला असते, आणि क्लँप बदलता येतो. झाकण काढ. ब्लॉकच्या बाजूला नाण्याएवढी गोल चकती ठोकून बसवलेली असते. तिच्यावर नंबर कोरलेला असतो. तो ब्लॉकचा खरा नंबर. पट्टी आणि चकती जुळली तर ठीक. चकती घासून गुळगुळीत केलेली असेल तर गाडीत बसून परत ये, ते चोरीचं असू शकतं.

पट्टीवर पीटरबरोचं नाव दिसलं तर मला फोटो पाठव. यांचा कारखाना आमच्या गावात होता. मंडळाची सहल कनू म्युझियमला आली होती ना, जिथे डब्यांची अदलाबदल झाली, ती मोनाहन रोडवरची जुनी इमारत म्हणजे याच कंपनीची जागा. आमच्या गल्लीतला एक म्हातारा तिथे कामाला होता. त्याच्याकडून हे सगळं शिकलो, बदल्यात त्याला दर दिवाळीला चकल्या.

अप्पा

---

प्रेषक: नाना, मिसिसागा
गुरुवार, सकाळी ५:५०

अप्पा, डबे बदलले नव्हते. माझा डबा कोणीतरी उचलला होता. दोन्हींत फरक आहे.

---

प्रेषक: वहिनी, व्हिटबी
गुरुवार, सकाळी १०:१०

बंडूभाऊजी,

९.९ की १५ हा प्रश्न गंमतीचा नाही, म्हणून लिहिते. दहा हॉर्सपॉवर किंवा त्याहून जास्त असेल तर होडीला लायसन लागतं आणि नंबर दोन्ही बाजूंना पुढे लिहावा लागतो, अक्षरं किमान साडेसात सेंटिमीटर उंच. आपलं आधीचं ६ चं होतं म्हणून आजवर कधी प्रश्न आला नाही. चालवणाऱ्याचं कार्ड मात्र कितीचंही इंजिन असो, लागतंच. यांचं आहे, तुमचं आहे, नानांचं नाही. नाना गेल्या वर्षी सुकाणूवर बसले होते ते मी बोलले नाही.

शिवाय आमचा चिरंजीव अकरा वर्षांचा आहे. बारा वर्षांखालच्या मुलाने मोठं माणूस जवळ नसताना दहाच्या वरचं चालवायचं नाही. त्याला तुम्ही "तुला चालवायला देतो" म्हणून ठेवलंय, आणि तो परवापासून कार्डाची परीक्षा घोकतोय.

होडीवर पत्र्याची एक पट्टी आहे, किती माणसं आणि किती हॉर्सपॉवर ते लिहिलेली. ती कोणी वाचली आहे का?

---

प्रेषक: नाना, मिसिसागा
गुरुवार, सकाळी १०:२२

मी सुकाणूवर बसलो होतो तेव्हा इंजिन बंद होतं. मला वाटलं, बंद इंजिनाला कार्ड लागत नसेल.

---

प्रेषक: तात्या, ब्रॅम्प्टन
गुरुवार, रात्री १०:००

बंडू, लायसनचं वहिनी बघतील. तू शनिवारी एवढं कर.

जाण्याआधी फोन करून सांग, मशीन चालू करून ठेवू नका. आपण पोचेपर्यंत गरम करून ठेवतात, मग एका दोरीत चालू होतं आणि आपण खूश. झाकणाखाली हात लाव. गरम लागलं तर चहा मागून तासभर बस.

कोरडं चालू करू द्यायचं नाही, दहा सेकंदही नाही. आत पाणी खेचणारा रबराचा पंखा असतो, तो जळतो. पिंपात पाणी भरून त्यात उभं करायचं. चालू झालं की मागून पाण्याची धार आली पाहिजे. माझ्या मामाचं एकच वाक्य होतं, पाणी मारता काय ता बघ, बाकीचा मागाहून.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब. गेज आणि कार्ब्युरेटर बघायला टॉर्च माझ्याकडून घेऊन जा. दोन्ही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून, दोरी चार-पाच वेळा ओढ. नुसता आकडा किती यापेक्षा दोन्ही सिलिंडर जवळजवळ सारखे आहेत का हे बघ. दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर सोडून दे. एक ११० आणि दुसरा ८० असला की ते एका पायावर चालणारं मशीन, किनाऱ्याजवळ गोड वागतं आणि मध्यावर गेल्यावर रुसतं. गेल्या ऑगस्टमध्ये काय झालं होतं असं वाटतं तुला?

शेवटी बाहेरच्या, पाणी कापणाऱ्या पंख्याजवळचा खालचा स्क्रू सैल करून गिअरचं ऑइल दोन थेंब बोटावर घे. दुधाळ आलं तर सील गेलं, आत पाणी शिरलंय. सील बदलता येतं, पण किंमत पाडायला उपयोगी. शेतकऱ्यासमोर "अरेरे" म्हणायला विसरू नको.

---

प्रेषक: ताई, मार्कम (यादी-व्यवस्थापन)
शुक्रवार, सकाळी ९:००

हा धागा दुसऱ्या यादीवर हलवावा ही तिसरी विनंती. जाता जाता: ती कंपनी २००० सालीच दिवाळखोरीत गेली ना? मग सुटे भाग कुठून आणणार? हे विचारणारी मी एकटीच दिसते.

---

प्रेषक: अप्पा, पीटरबरो
शुक्रवार, सकाळी ९:४०

ताई, बरोबर, डिसेंबर २००० मध्ये. मग इंजिनांचा धंदा बॉम्बार्डियरने घेतला आणि २०२० मध्ये एव्हिनरूडही बंद झालं. पण हा एक ब्लॉक अठरा-एकोणीस वर्षं बनत होता. पाण्याचा पंखा, कॉइल, कार्ब्युरेटरचा संच सगळं दुसऱ्या लोकांनी बनवलेलं मिळतं. माझ्या कॉटेजवरचं १९८१ चं आहे.

पाइप मात्र जुना वापरू नकोस बंडू, नवा घे. आजकालच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलने जुना रबर आतून सुटतो आणि कार्ब्युरेटरमध्ये जातो. मिश्रण पन्नासाला एक, म्हणजे लिटरमागे २० मिली. तेवीस लिटरच्या टाकीला ४६० मिली. नानांना विचारू नकोस.

---

प्रेषक: बंडू, ओशावा
शनिवार, दुपारी ४:५५

आणलं.

फळी मोजली होती, साडेपंधरा इंच. आखूड शाफ्ट बसतो. इंजिन थंडच होतं, फोन केला होता. पिंपात सातव्या दोरीला चालू झालं, धार आली. कॉम्प्रेशन १०८ आणि १०४. गिअरचं ऑइल ताकासारखं. मी "अरेरे" म्हणालो, तात्या, पण मराठीत तोंडातून गेलं. तरी त्याला कळलं. साडेसहाशेला दिलं, सहीचा कागद करून घेतला, त्यावर पट्टी आणि चकती दोन्हींचे नंबर लिहिलेत.

दोन्ही, कारण ते जुळत नाहीत. चकतीवर जे१५आरसीसी, पुढचं गंजलंय. अप्पा, सी सी म्हणजे ८८ ना? शेतकऱ्याला मग आठवलं की वडिलांनी एकदा "वरचं वरचं" बदललं होतं. म्हणजे खालचं धड ९.९ चं आणि डोकं १५ चं. टॉर्च लावून बघितलं, कार्ब्युरेटरही मोठ्या नरड्याचा वाटतो. स्टिकर खरं बोलत होतं, पट्टी खोटी.

वहिनी, लायसनचा अर्ज आज रात्री भरतो. चिरंजीवांना काय सांगू ते तुम्हीच सुचवा.

---

प्रेषक: वहिनी, व्हिटबी
शनिवार, सायंकाळी ५:१०

तो माझ्या शेजारी बसून वाचतोय. विचारतोय, बंडूकाका शेजारी बसले तर चालेल ना. चालेल म्हणाले.

होडीवरची पट्टी वाचलीत का?

---

प्रेषक: बंडू, ओशावा
शनिवार, सायंकाळी ५:४८

आत्ता बॅटरी घेऊन वाचून आलो. इंजिन २० पर्यंत चालेल. माणसं चार.

---

प्रेषक: नाना, मिसिसागा
शनिवार, सायंकाळी ५:५५

बारा जणांना शब्द दिलाय ना?

---

प्रेषक: बंडू, ओशावा
शनिवार, सायंकाळी ६:०२

मी चालवणार, म्हणजे एका वेळी तीन. चार फेऱ्या. कोणी कुठल्या फेरीत बसायचं त्याची यादी ताईंकडे द्यावी.

---

प्रेषक: ताई, मार्कम (यादी-व्यवस्थापन)
शनिवार, सायंकाळी ६:०४

ताईंकडे देऊ नये.