फाडलेल्या एका फोटोने शिनेड ओ'कॉनरची कारकीर्द संपली का?

मंद्रसप्तक

आयरिश गायिका शिनेड ओ'कॉनरचा विषय निघाला की गाडी हमखास ३ ऑक्टोबर १९९२ वर येऊन थांबते. त्या रात्री अमेरिकेत 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या थेट टीव्ही कार्यक्रमात तिने बॉब मार्लेचं 'वॉर' वाद्यांशिवाय म्हटलं, शेवटी चर्चमधल्या बालअत्याचारांच्या निषेधार्थ पोप जॉन पॉल दुसरे यांचा फोटो फाडला, आणि म्हणे कारकीर्द तिथेच संपली. मला हे पटत नाही.

'नथिंग कम्पेअर्स टू यू' १९९० मध्ये अमेरिकेत चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं, पण ते गाणं लिहिलेलं अमेरिकन गायक-संगीतकार प्रिन्सचं. अमेरिकेत रेडिओवर गाणं वाजलं की रॉयल्टी गीतकार-संगीतकाराला आणि प्रकाशकाला मिळते. गाणाऱ्याला त्यातला छदामही मिळत नाही, आजही नाही. पुढचा अल्बम 'अ‍ॅम आय नॉट युअर गर्ल?' सप्टेंबर १९९२ मध्ये, म्हणजे फोटो फाडायच्या आधीच बाजारात आला होता. त्यात सगळी दुसऱ्यांची जुनी गाणी, तीही मोठ्या वाद्यवृंदासह. रॉक रेडिओने त्यातलं वाजवायचं काय? विक्रीला उतार लागणार हे त्या निवडीतच ठरलं होतं.

तिची खरी कारकीर्द तिने स्वतः लिहिलेल्या गाण्यांत आहे. 'ब्लॅक बॉइज ऑन मोपेड्स' घ्या. बीजिंगमधल्या तिआनानमेन चौकातल्या मृत्यूंबद्दल टीव्हीवर हळहळणाऱ्या ब्रिटनच्या पंतप्रधान थॅचरबाई आणि त्यांच्याच देशात पोलिसांमुळे जीव गमावणारी कृष्णवर्णीय पोरं, हे दोन्ही तिने गिटारच्या साध्या साथीवर शेजारी शेजारी ठेवलं. हे गाणं ज्यात आहे त्या १९९० च्या अल्बमच्या आतल्या पानावर कॉलिन रोचच्या आईवडिलांचा फोटो आहे. हा तरुण १९८३ मध्ये लंडनच्या स्टोक न्यूइंग्टन पोलीस ठाण्याच्या दारात गोळी लागून मेला.

रेकॉर्डवेडा

असहमत. रेडिओचा पैसा गाणाऱ्याला मिळत नाही हे बरोबर, पण रेडिओ रेकॉर्ड खपवतो, तिकिटं खपवतो, आणि तो पैसा गाणाऱ्याचाच असतो. १९९० चा अल्बम अमेरिकेत सहा आठवडे पहिला होता. १९९४ चा 'युनिव्हर्सल मदर', ज्यात 'फायर ऑन बॅबिलॉन' आणि 'फॅमिन'सारखी तिची स्वतःची ताकदीची गाणी आहेत, तिथे पहिल्या तिसातही आला नाही. मधल्या काळात न्यूयॉर्कमध्ये तिच्या कंपनीच्या कचेरीबाहेर रस्त्यावर तिच्या रेकॉर्ड्स रोलरखाली चिरडल्या गेल्या. एवढी घसरण जुन्या गाण्यांच्या त्या एका अल्बमवर ढकलता येणार नाही.

पंचम_निषाद

माझा आक्षेप वेगळा आहे. निषेध म्हणूनच ती कृती कच्ची होती. अमेरिकेतल्या प्रेक्षकाला १९९२ मध्ये आयर्लंडच्या चर्चमधल्या बाललैंगिक अत्याचारांची काहीच कल्पना नव्हती. 'बोस्टन ग्लोब' या वृत्तपत्राची चर्चमधल्या अत्याचारांवरची शोधमालिका आली २००२ मध्ये. पडद्यावर काय दिसलं? एक तरुणी, पोपचा फोटो, आणि 'खऱ्या शत्रूशी लढा' एवढंच वाक्य. कसला शत्रू, का, काही नाही. डिक्सी चिक्स या अमेरिकन कंट्री बँडचं २००३ मधलं वाक्य, लोकांना पटो न पटो, कळलं तरी होतं: इराक युद्ध नको, राष्ट्राध्यक्ष बुशची लाज वाटते.

ओवी_७

पंचम, तुम्ही फक्त शेवटचे काही सेकंद बघताय. 'वॉर' हे मुळात इथिओपियाचे सम्राट हाइले सेलासी यांच्या १९६३ च्या संयुक्त राष्ट्रांतल्या भाषणावरून घेतलेलं गाणं. त्यातल्या ओळी बदलून तिने 'बालअत्याचार' हा शब्द घातला होता, तोही पुन्हा पुन्हा. वाद्यं नव्हती, त्यामुळे एकेक शब्द स्वच्छ ऐकू येत होता. ज्यांना ऐकायचं होतं त्यांना सांगितलं होतं.

आता कृतीची बांधणी बघा. रंगीत तालमीत तिने शेवटी एका मुलाचा फोटो धरला होता. त्यामुळे दिग्दर्शकाने शेवटाला कॅमेरा जवळ घ्यायचं ठरवून ठेवलं. थेट प्रक्षेपणात त्याच चौकटीत पोपचा फोटो आला. कोणाला काही सुचायच्या आत तो फाडून झाला होता. प्रेक्षकांना टाळ्या वाजवायला सांगणारी पाटी लागलीच नाही, त्यामुळे स्टुडिओ गप्प. पुढे पुनःप्रक्षेपणात तालमीचीच फीत वापरली गेली. फोटोही कुठूनतरी आणलेला नव्हता, तिच्या आईच्या खोलीतल्या भिंतीवरचा होता. त्याच आईने तिला लहानपणी मारझोड केली होती, आणि किशोरवयात शिनेड डब्लिनमध्ये नन्सच्या सुधारगृहात राहिली होती.

आणि पुढे काय झालं? १९९४ मध्ये ब्रेंडन स्मिथ या पाद्र्याच्या बाललैंगिक अत्याचारांच्या प्रकरणावरून आयर्लंडचं सरकार पडलं. मे २००९ मध्ये चर्चच्या संस्थांमधल्या बालअत्याचारांवरचा रायन अहवाल, त्याच नोव्हेंबरात डब्लिनच्या पाद्र्यांच्या अत्याचारांवरचा मर्फी अहवाल. ती जे म्हणत होती ते सरकारी कागदावर आलं.

पंचम_निषाद

सतरा वर्षांनी खरी ठरली म्हणून त्या रात्रीची पद्धत बरोबर ठरत नाही. तिचं म्हणणं खरं होतं याबद्दल माझ्या मनात शंका नाही. इतकं खरं म्हणणं एका ओळीच्या खुलाशाअभावी वाया गेलं, याचं मला वाईट वाटतं.

मंद्रसप्तक

वाया कसं गेलं? १६ ऑक्टोबर १९९२ ची मॅडिसन स्क्वेअर गार्डनची चित्रफीत बघा, गायक बॉब डिलनच्या कारकिर्दीच्या तीस वर्षांचा कार्यक्रम. तिला 'आय बिलीव्ह इन यू' म्हणायचं होतं. हळू आवाजातलं, श्वासावर तोललेलं गाणं. प्रेक्षकांची हुर्यो सुरू झाल्यावर असं गाणं टिकत नाही, पहिली ओळच बुडते. वादक सुरुवात करू लागले तेव्हा तिने त्यांना थांबवलं, माइकचा आवाज वाढवायला सांगितला आणि 'वॉर' जवळजवळ ओरडून म्हटलं. गळ्याची कुवत आणि प्रसंगावधान दोन्ही असल्याशिवाय हे जमत नाही. गायक क्रिस क्रिस्टोफरसन मंचावर आला तो तिला धीर द्यायला.

तिचा निर्मिती-कानही लोक विसरतात. पहिला अल्बम आधीच्या निर्मात्याचं ध्वनिमुद्रण बाजूला सारून विशीत, गरोदर असताना, तिने स्वतः पुन्हा उभा केला. 'आय अ‍ॅम स्ट्रेच्ड ऑन युअर ग्रेव्ह'मध्ये जुनी आयरिश शोककविता तिने जेम्स ब्राउनच्या 'फंकी ड्रमर' गाण्यातल्या ड्रमच्या तुकड्यावर बसवली. ठेका जराही बदलत नाही, त्यावर आवाज विलापासारखा तरंगतो, आणि शेवटी फिडल येऊन सगळं घुसळून काढतं.

रेकॉर्डवेडा

कौशल्याबद्दल वादच नाही. पण राजकीय बोलण्यातही ती नेहमी नेम धरून बोलली असं नाही. २०१८ मध्ये इस्लाम स्वीकारल्यावर तिने मुस्लिमेतरांबद्दल जे ट्विट केलं ते वाईट होतं, नंतर माफीही मागितली. दौऱ्यांचं बघा. २०१२ चा दौरा प्रकृतीमुळे मध्येच रद्द. निवृत्ती जाहीर करून परत येणं एकाहून जास्त वेळा झालं. सभागृहाची आगाऊ रक्कम, तिकिटांचा परतावा, वादकांची बिदागी हे सगळं आयोजकाच्या अंगावर येतं. असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा तो फोन करताना विचार करतो. यात पोपचा काही संबंध नाही.

ओवी_७

आजारी माणसाचे रद्द झालेले कार्यक्रम आणि ट्विट एकाच वहीत मांडू नका, रेकॉर्डवेडा. आणि तुमची मोजपट्टी सतत अमेरिकेची आहे. २००५ मध्ये जमैकातल्या किंग्स्टनला स्लाय आणि रॉबी या तिथल्या नामी वादकजोडीला घेऊन तिने रेगेचा पूर्ण अल्बम केला. २०१४ चा शेवटचा अल्बम आयर्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. २०२१ च्या आठवणींच्या पुस्तकात तिने स्वच्छ लिहिलंय की पहिल्या क्रमांकाच्या गाण्याने तिची वाट चुकवली आणि फोटो फाडल्याने ती परत वाटेवर आली. पॉपस्टार व्हायचंच नव्हतं अशा बाईला पॉपस्टार म्हणून नापास कसं करणार?