१८० मीटर केबल: रेझिस्टन्ससारखा रिॲक्टन्सही लांबीने गुणायचा का?

भोसरी_शेड: नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीतल्या शेडच्या मेन पॅनेलपासून पंपापर्यंत १८० मीटर अंतर आहे. मोटर २० एचपी, ४१५ व्होल्ट, २८ अँपिअर, डीओएल (थेट पूर्ण व्होल्टेजवर चालू होणारी). स्टार्टर पंपाशेजारीच बसवलाय. केबल १६ स्क्वेअर एमएम ॲल्युमिनियम, एक्सएलपीई (प्लास्टिक इन्सुलेशन), आर्मर्ड (वरून स्टीलचे कवच). चालू करताना स्टार्टरमधला कॉन्टॅक्टर (मोटरला सप्लाय जोडणारा चुंबकी स्विच) खडखडतो. कॅटलॉगमध्ये रेझिस्टन्स (तारेचा विरोध) आणि रिॲक्टन्स (एसी करंटच्या चुंबकी क्षेत्रामुळे होणारा विरोध) यांचे आकडे ओहम प्रति किलोमीटर आहेत. दोन्ही ०.१८ ने गुणायचे की जाऊन-येऊन ०.३६ ने?

तारमापे: दोन्ही लांबीच्या सरळ प्रमाणात वाढतात, म्हणून दोन्हीला ०.१८. दुप्पट लांबी फक्त सिंगल फेजला. थ्री फेजला १.७३२ चा गुणक.

१६ चा रेझिस्टन्स २० अंशाला १.९१ ओहम प्रति किमी, ९० अंशाला साधारण २.४५. रिॲक्टन्स ०.०८ च्या आसपास. पॉवर फॅक्टर (करंटचा उपयोगी वाटा) ०.८५ आणि त्याचा साइन ०.५३ धरून ड्रॉप, म्हणजे केबलमध्ये घटणारे व्होल्टेज:
१.७३२ × २८ × ०.१८ × (२.४५ × ०.८५ + ०.०८ × ०.५३) = १८.५ व्होल्ट, म्हणजे ४.५ टक्के.

खरी गोम स्टार्टिंगला आहे. करंट सहापट, १६८ अँपिअर. पॉवर फॅक्टर मात्र ०.३ च्या घरात. ड्रॉप सुमारे ४२ व्होल्ट. पॅनेलवर ३९० असतील तर पंपापाशी ३४८ उरतात. कॉन्टॅक्टरची ४१५ ची कॉइल ८५ टक्क्यांना, म्हणजे ३५३ ला ओढण्याची खात्री असते. त्याखाली खडखडू शकतो.

गावठाण_फीडर: हिशेब बरोबर, पण २८ अँपिअरला ही केबल ९० अंशापर्यंत तापत नाही. ५० अंश धरा: २.१४ ओहम, चालू ड्रॉप १६ व्होल्ट, स्टार्टिंगला ३८ च्या आसपास. तरीही काठावरच.

३५ स्क्वेअर टाकलीत तर स्टार्टिंग ड्रॉप जवळपास निम्मा होतो. मात्र साइज वाढवून रिॲक्टन्स फारसा हलत नाही, ०.०७-०.०८ वरच राहतो. २४० स्क्वेअरला गरम रेझिस्टन्स ०.१६, तिथे स्टार्टिंगला रिॲक्टन्सचाच वाटा मोठा. सिंगल कोर असतील तर तिन्ही तिकोनात एकत्र बांधा. अंतर ठेवून टाकल्या की रिॲक्टन्स वाढतो.

भोसरी_शेड: केबल बदलण्याआधी मल्टिमीटरने रेझिस्टन्स मोजून खात्री करू का?

तारमापे: नको. १८० मीटरच्या एका कोरचा रेझिस्टन्स ०.३४ ओहम, साध्या मीटरच्या लीड्सच तेवढा दाखवतात. चार तारांचा मायक्रो-ओहम मीटर लागेल. त्यापेक्षा मोटर लोडवर असताना पॅनेल आणि पंप, दोन्हीकडचे व्होल्टेज एकाच वेळी घ्या. फरक १६-१८ च्या बराच वर गेला तर तो लांबीचा नाही, लगचा (केबलच्या टोकाला दाबून बसवलेल्या जोडतुकड्याचा). ॲल्युमिनियम केबलला कॉपर टर्मिनलवर बायमेटॅलिक (ॲल्युमिनियम-कॉपर जोडलेला) लग आहे का बघा. सप्लाय बंद करून, लॉक लावून, व्होल्टेज नाही हे तपासून मगच नट घट्ट करा.