विषय: तळ्याकाठची केबिन, मुलं आणि मासेमारी

नमस्कार मंडळी,
सुट्टीत तळ्याकाठची एक केबिन बुक केलीये. दोन मुलं, 6 आणि 9 वर्षांची, आणि घरात आजवर कोणीच गळ हातात धरलेला नाही. नवऱ्याचं म्हणणं मोटरबोट भाड्याने घेऊ, तळ्याच्या मधोमध जाऊ आणि मोठ्ठा मासा काढू. मला दिसतंय की पोरं अर्ध्या तासात कंटाळणार आणि मग बोटीतच मारामाऱ्या. कोणी जाऊन आलं असेल तर सांगा ना, काय न्यायचं आणि सुरुवात कुठून करायची?

———

अगं, तुझा अंदाज अगदी बरोबर आहे, नवरोबांना सांग बोटीचं नंतर बघू. लहान मुलांना मासा केवढा याच्याशी काही देणंघेणं नसतं, बॉबर (दोऱ्याला बांधलेला तरंगणारा गोळा, मासा लागला की बुडतो तो) बुडाला पाहिजे, बस्स! आणि तो बुडतो काठाला, धक्क्यावर बसून. उन्हाळ्यात खोल तळ्यात पाण्याचे थर होतात, वर कोमट आणि खाली गार, त्यामुळे ट्राउटसारखे थंड पाण्यातले मासे दुपारी खाली जाऊन बसतात, ते नवख्याच्या हाती कुठले लागायला. पण सनफिश, पर्च वगैरे चिल्लर मंडळी धक्क्याच्या सावलीत आणि पाणगवताच्या कडेने घुटमळत असतात, सकाळी लवकर आणि दिवस कलताना तर जास्तच.

सामान थोडकंच ने. मुलांना बटण दाबलं की दोरा सुटतो ती स्पिनकास्ट रीळ, 4 ते 6 पाउंडाचा ताण सोसणारी लाइन (म्हणजे दोरा) आणि 8 किंवा 10 नंबरचा गळ (नंबर वाढला की गळ लहान होतो, उलटं समजू नकोस). गांडूळ अख्खं लावायचं नाही, मासा लोंबणारं टोक कुरतडून पसार होतो, नखाएवढा तुकडा पुरे. बॉबरही चिमुकलाच, मोठा असला तर माशाला ओढ जाणवते आणि तो आमिष थुंकून मोकळा. आमिष खाली नेणारं वजन शिशाचं घेऊ नकोस, पाणपक्षी ते खडे समजून गिळतात आणि विषबाधेने मरतात, बऱ्याच ठिकाणी बंदीही आहे. टिनचं मिळतं. आणि लायसन्सचं आधी बघ, लहान मुलांना बहुतेक ठिकाणी लागत नाही पण मोठ्यांना लागतं.

———

वरच्या काकांच्या मेलला जोडून. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करून टाक, आधीच, घरीच. मासा सोडताना चटकन निघतो आणि चुकून कोणाच्या बोटात रुतला तरी तसाच मागे सरकतो. काटा शाबूत असेल तर ओढत बसू नका, सरळ डॉक्टर गाठा. चष्मा किंवा गॉगल सगळ्यांना, कारण मागून गळ फेकणारा भाऊ कुठे बघत असतो! मासा सोडायचा असेल तर हात ओले करूनच धरायचा, अंगावरचा बुळबुळीत थर हेच त्याचं संरक्षण असतं, कोरड्या हाताने तो निघतो. फोटोसाठी पाच मिनिटं हवेत नाचवणारे लोक बघितले की माझं डोकं फिरतं.

———

बोटीला इतकंही झोडपू नका हो! संध्याकाळी वारा पडल्यावर काठाकाठाने एक फेरी मारायला काय हरकत आहे. फक्त लाइफ जॅकेट मुलांच्या वजनाचं हवं, केबिनवाले देतात ते बरेचदा मोठ्यांचंच असतं. घालून, पट्टे आवळून खांद्यापाशी धरून वर उचलून बघायचं, हनुवटी किंवा कान आत गेले तर ते ढिलं आहे. हेच जॅकेट धक्क्यावर पण, तिथेच पोरं जास्त वाकतात. हवेने फुगवायचे दंडावरचे पट्टे म्हणजे खेळणं आहे, त्यावर विसंबू नका. आणि उरलेली गांडुळं तळ्यात किंवा झाडीत टाकायची नाहीत, कचऱ्यात. बोट दुसऱ्या तळ्यात न्यायची असेल तर धुऊन, पाणी काढून, वाळवून, नाहीतर शिंपल्यांची पिल्लं डोळ्यांना दिसतही नाहीत आणि इकडची तिकडे पोचतात.

———

थँक्यू सगळ्यांना! सगळे मेल नवऱ्याला वाचायला दिले, बोट आता फक्त एका संध्याकाळपुरती उरलीये. केबिनवाल्यांना विचारलंय धक्का आहे का आणि त्याच्यापाशी पाणी किती खोल आहे. एक प्रश्न मात्र अजून सुटला नाहीये, गांडूळ लावणार कोण? नवरा म्हणतोय आई, मुलं म्हणतायत बाबा.