दिव्याचं तोंड कुठे आहे ते बघा

खेळाच्या मैदानावरच्या झोतदिव्यांचा उजेड रात्री आमच्या घरात शिरतो. त्यावर वर एकांनी लिहिलंय की जाड पडदे लावले की प्रश्न मिटला. आम्ही लावले. पण उकाड्यात खिडकी उघडायची तर पडदा सरकवावाच लागतो, आणि मग रात्री दहा वाजता गजांची सावली समोरच्या भिंतीवर इतकी ठळक पडते की एकेक गज मोजता येतो. धाकटी उशीखाली डोकं घालून झोपते.

मुलांनी संध्याकाळी खेळावं असं मलाही मनापासून वाटतं, त्यामुळे दिवे काढा असं मी म्हणणार नाही. पण बुटक्या खांबावरून लांबचा कोपरा उजळायचा म्हणून दिवे वर उचलून तिरपे बसवतात आणि झोत थेट घरांत शिरतो. खांब उंच असेल तर दिवा खाली वळवता येतो. दिव्याला झापड (उजेड अडवणारा आडोसा) बसवली तर मागे सांडणारा प्रकाशही अडतो. (उंच खांबाचा त्रास जास्त, हा समज बहुतेकदा चुकीचा असतो.)

शिवाय 5700 केल्विनच्या (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप) पांढऱ्याफटक एलईडीत निळा अंश बराच असतो, आणि झोप आणणारं मेलाटोनिन दाबायला तोच सगळ्यात पुढे.

जुने मेटल हॅलाइड दिवे विझवले की पुन्हा पेटायला कित्येक मिनिटं लागायची, म्हणून चालूच ठेवत. एलईडी लगेच लागतो, मंदही करता येतो. मग रिकाम्या मैदानावर ते का जळावेत?

तक्रारीत नुसतं 'त्रास होतो' लिहू नका. खिडकीपाशी लक्समीटर (उजेड मोजायचं यंत्र) उभा धरून आलेला आकडा, वेळ आणि कुठला खांब ते लिहा.