चर्चा: गॉल नेमका कोणी जिंकला, रोमन लीजनांनी की त्यांच्या मित्रटोळ्यांनी?

मूळ लेखन
इ.स.पू. ५८ ते ५० या काळात रोमन सेनापती ज्युलियस सीझरने गॉल (साधारण आजचा फ्रान्स आणि आसपासचा प्रदेश) जिंकला, याचे श्रेय आपण सरसकट लीजनांच्या (रोमन सैन्याच्या मोठ्या तुकड्यांच्या) शिस्तीला देतो. माझ्या मते मित्रटोळ्यांचे धान्य आणि घोडदळ नसते, तर ही मोहीम लवकरच फसली असती. गॉलमधल्या एदुई टोळीला रोमच्या सिनेटने ‘बंधू आणि आप्त’ म्हटले होते, आणि शत्रूंकडून मार खाल्ल्यावर त्यांचा द्रुइड (पुरोहित) डिविकियाकस मदत मागायला स्वतः रोमला गेला होता. गॉलची वाट गॉलांनीच दाखवली.

प्रतिसाद १
सहमत नाही. एदुईंना ज्याने चिरडले, त्या जर्मन राजा आरिओव्हिस्टसलाही रोमने इ.स.पू. ५९ मध्ये, सीझर कॉन्सल (रोमचा सर्वोच्च अधिकारी) असतानाच, ‘राजा आणि मित्र’ म्हणून गौरवले आणि पुढच्याच वर्षी सीझरने त्याला ऱ्हाइनपार पिटाळले. याला युती कसे म्हणावे? डिविकियाकसचा सख्खा भाऊ डुम्नोरिक्स ब्रिटनच्या मोहिमेला नकार देऊन निघाला, तेव्हा त्याला गाठून मारले. आपण स्वतंत्र राज्याचे स्वतंत्र माणूस आहोत असे तो ओरडत होता, हे खुद्द सीझरनेच नोंदवले आहे.

मूळ लेखक
डुम्नोरिक्सचा दाखला मला मान्य आहे, पण रोम मित्रांशी प्रामाणिक होता असे मी म्हटलेलेच नाही. मुद्दा गरजेचा आहे. इ.स.पू. ५२ मध्ये एदुईही फुटले, तेव्हा सीझरला ऱ्हाइनपलीकडून जर्मन स्वार मागवावे लागले. त्यांची घोडी कामाची नव्हती, म्हणून त्याने आपल्या अधिकाऱ्यांचे घोडे काढून त्यांना दिले. गॉलांच्या अलेसिया गडाच्या वेढ्यात दुपारपासून अडून राहिलेली घोडदळांची लढाई सूर्यास्ताच्या सुमारास याच स्वारांनी फिरवली.

प्रतिसाद २
हीच गरज पुढे रोमच्या अंगाशी आली. जर्मन केरुस्की टोळीच्या आर्मिनियसला रोमने नागरिकत्व दिले, मान दिला, आणि इ.स. ९ मध्ये त्यानेच रोमन सेनापती व्हारसच्या तीन लीजन ट्युटोबर्गच्या अरण्यात कापून काढल्या. सेगेस्टेस या त्याच्याच जातभाईने दिलेला इशारा व्हारसने मानला नव्हता.
मात्र आर्मिनियसचा भाऊ फ्लाव्हस रोमकडेच राहिला. रोमन इतिहासकार टॅसिटसच्या वर्णनानुसार, इ.स. १६ मध्ये वेझर नदीच्या दोन काठांवरून हे भाऊ बोलले. रोमच्या चाकरीत डोळा गमावून काय मिळाले, असे आर्मिनियसने विचारले. फ्लाव्हसने वाढीव पगार, गळ्यातला हार आणि मुकुट सांगितला, आणि नदीपलीकडचा भाऊ गुलामगिरीच्या एवढ्या स्वस्त भावाला हसला.